गॅरेजचं दार : काटा हलत नाही तेव्हा

गेल्या दिवाळीला या सदरात आपण स्नोब्लोअर उघडला होता. यंदा जरा पाण्याकडे जाऊ.

आमच्या मंडळातल्या एका मित्राने जुनी बोट घेतली. मिशिगनमध्ये राहून लेक सेंट क्लेअरवर जायचं नाही, म्हणजे मालवणात राहून मासे खायचे नाहीत, असं त्याचं म्हणणं. बोट स्वस्तात मिळाली, कारण इंजिन गेलेलं. शेव्हरोलेचं 5.7 लिटरचं व्ही-8. 1955 पासून चालत आलेल्या घराण्यातलं, त्यामुळे सुटे भाग कुठेही मिळतात. बाप आणि सोळा वर्षांची लेक, दोघांनी हिवाळाभर गॅरेजमध्ये खपून ते नव्याने बांधलं.

मे महिन्यात पहिला स्टार्ट. बोट ट्रेलरवरच होती, थंड करायला बागेच्या नळीचं पाणी जोडलेलं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या तळाशी साचते, म्हणून आधी चार मिनिटं ब्लोअर चालवला. चावी फिरवली आणि इंजिन लगेच लागलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पोरगी मात्र गेजकडे बघत होती.

"काका, काटा हलत नाही."

मी चावी बंद केली. जेमतेम दहा सेकंद झाली असतील. मित्र वैतागला. "अरे, नवीन इंजिन आहे, तेल चढायला वेळ लागतो. अर्धा मिनिट चालू दे की!"

तो अर्धा मिनिट फार महाग पडतो. क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग यांच्यात इंचाच्या हजार भागांपैकी दोन-अडीच भाग एवढीच फट असते, केसापेक्षाही बारीक. त्या फटीत दाबाने आलेलं तेल असतं, म्हणून धातूला धातू घासत नाही. तेल नसेल तर हिवाळाभराची मेहनत मिनिटभरात खरवडून निघते. तेव्हा काटा शून्यावर असला की आधी इंजिन बंद, चर्चा नंतर.

मग एकेक गोष्ट तपासायला घेतली, सोपी आधी आणि अवघड शेवटी. डिपस्टिकवर तेल बरोबर होतं. मग गेज खोटं बोलतंय का? इलेक्ट्रिक गेजमध्ये एखादी वायर सुटली तरी काटा पडून राहतो. म्हणून सेन्डर काढून तिथे साधं मेकॅनिकल गेज लावलं, कॉइलची वायर काढली, म्हणजे इंजिन लागणार नाही, आणि स्टार्टरने थोडं फिरवलं. शून्यच.

तिसरी पायरी मला सर्वांत आवडते, कारण तिला खर्च काहीच नाही. ऑइल फिल्टर काढला. आतून कोरडा ठणठणीत! या इंजिनात तेल पंपातून आधी फिल्टरमध्ये जातं आणि मग पुढच्या वाटांना लागतं. पुढे एखादा प्लग बसवायचा राहिला असता, तर दाब पडला असता, पण फिल्टर भरला असता. फिल्टरच कोरडा, म्हणजे दोष त्याच्या अलीकडचा. एकतर पंप तेल ओढत नाही, नाहीतर पंप फिरतच नाही.

या पंपाला डिस्ट्रिब्युटर फिरवतो. दोघांच्या मध्ये एक वीतभर लांबीचा शाफ्ट असतो. डिस्ट्रिब्युटर काढून भोकात टॉर्च मारला. शाफ्टचं खाच असलेलं टोक दिसायला हवं होतं. खाली नुसता अंधार.

शाफ्ट बसवलाच नव्हता. आणि तो वरून टाकता येत नाही. पंपाबरोबर खालूनच बसवावा लागतो. त्यासाठी खालचं चेंबर काढायचं, आणि बोटीत तेवढी जागा नाही. म्हणजे अख्खं इंजिन परत बाहेर.

मित्र मटकन खाली बसला. मग लेकीकडे वळून म्हणाला, "खालचं काम तुझ्याकडे होतं ना?"

ती काही बोलली नाही. आत जाऊन वही आणि श्रीखंडाचा एक रिकामा डबा घेऊन आली. वहीत रोजचं काम तारखेने लिहिलेलं. एका पानावर होतं : 'स्लीव्ह तडकली आहे. नवीन आली की शाफ्ट बसवणे. तोवर पंप लावू नये.' डब्यात तो शाफ्ट, स्वच्छ पुसून कागदात गुंडाळलेला. पुढच्या आठवड्यात तिची परीक्षा होती. त्या दिवसांत एका रात्री बाबांनी "तेवढंच काम उरकतो" म्हणून पंप बसवून चेंबर बंद केलं होतं. वही उघडलीच नव्हती.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मित्र म्हणाला, "चुकलं माझं." आम्हा बापांच्या तोंडून हे वाक्य तसं दुर्मिळच.

पुढच्या शनिवारी इंजिन वर काढलं. दोन बेअरिंग उघडून पाहिली. जोडताना लावलेलं वंगण अजून जागेवर होतं, ओरखडा नव्हता. ती दहा सेकंद पचली होती. शाफ्ट नव्या स्लीव्हसकट बसवला. चेंबर बंद करून तेल भरलं आणि या वेळी इंजिन स्टँडवर असतानाच तेल चढवलं. त्यासाठी भंगारातल्या जुन्या डिस्ट्रिब्युटरचा दात काढून, त्याला ड्रिल जोडून घड्याळाच्या दिशेने फिरवायचं. नुसती सळई नको, कारण एका बाजूच्या लिफ्टरकडे जाणारी तेलाची वाट डिस्ट्रिब्युटरच्या अंगामुळेच पुरी होते.

ड्रिल पोरीच्या हातात होतं. आधी ते हलकं फिरलं, मग एकदम जड झालं, आणि काटा उठला तो 40 च्या वर. बाबा हाताने क्रँक फिरवत राहिले, प्रत्येक रॉकरमधून तेल बाहेर येईपर्यंत.

जूनमध्ये बोट पाण्यात उतरली. दर 1000 फेऱ्यांना निदान 10 पीएसआय हा जुना ठोकताळा. त्याहून काटा बराच वर आहे. वही आता बोटीवरच असते. गेल्या महिन्यात पाहिलं, पुढच्या पानावर बाबांचं अक्षर होतं : 'बंद करण्याआधी वाचणे.'