आदेश एकाचा, निवृत्ती दोघांची

‘निवृत्ती’ हा शब्द मराठी मनाला परका नाही. ज्ञानेश्वरांच्या थोरल्या बंधूंचे, म्हणजेच त्यांच्या गुरूंचे, ते नाव. प्रवृत्तीच्या पलीकडे जाणारी ही एक अवस्था. ती साधावी लागते. सरकारी व्यवहाराने या शब्दाआधी ‘सेवा’ जोडले आणि अवस्थेची तारीख करून टाकली. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यासाठी १९९८ पासून ही तारीख वयाच्या साठाव्या वर्षी येते, आणि तीही महिन्याच्या शेवटच्या दिवशी. शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने मांडलेली जन्मतारीख सेवापुस्तकात उतरते आणि चार दशकांनंतर तीच माणसाला दाराबाहेर आणून सोडते.

या तारखेची तयारी म्हणजे काय, असे विचारले की उत्तर हिशेबाच्या भाषेत येते: उपदान किती, रजेचे रोखीकरण किती दिवसांचे, भविष्य निर्वाह निधीत शिल्लक काय, निवृत्तिवेतनाचे अंशराशीकरण करावे की नाही. हे प्रश्न क्षुल्लक आहेत असे आम्ही म्हणणार नाही. निवृत्तिवेतन ही मालकाची मेहेरबानी नसून केलेल्या सेवेतून निर्माण झालेला हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ रोजी नाकरा खटल्यात स्पष्ट केले. मात्र या साऱ्या हिशेबात निवृत्त होणारा माणूस एकटाच असतो, असे गृहीत धरलेले असते. आमचा आक्षेप या गृहीतकाला आहे.

त्यासाठी भंडारा जिल्ह्यातील जवाहरनगरचे उदाहरण घेऊ. आयुध निर्माणीसाठी वसवलेले हे गाव. इथे नोकरी आणि घर या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. क्वार्टर पदाला जोडलेले असते. बदलत्या पदाबरोबर ते बदलते आणि पद संपले की ठरलेल्या मुदतीत रिकामे करावे लागते. एरवी निवृत्त माणूस कचेरीतून घरी येतो. वसाहतीतला माणूस कारखान्यातून निघतो आणि पाठोपाठ घरातूनही निघतो. त्याच्याबरोबर आणखी एक व्यक्ती निघते. त्या अंगणात तिने तुळस लावलेली असते, शेजारणींच्या आधाराने मुले वाढवलेली असतात, कोणत्या दुकानात उधारी चालते आणि कोणत्या घरी अडीअडचणीला हाक मारता येते हे तिला ठाऊक असते. सेवानिवृत्तीच्या आदेशावर तिचे नाव नसते. निरोप समारंभात तिला शाल-श्रीफळ मिळते, तेही बहुधा ‘सौ.’ म्हणून. पुढे कुठे राहायचे, हा निर्णय मात्र अनेकदा तिच्या गैरहजेरीत झालेला असतो.

आमच्या साहित्याने निवृत्तीकडे पाहिले नाही असे नाही. १९७० सालच्या ‘नटसम्राट’मध्ये शिरवाडकरांनी रंगभूमीवरून निवृत्त झालेला, आपले सारे मुलांना वाटून टाकणारा बाप उभा केला. त्याच दशकात जयवंत दळवींनी ‘संध्याछाया’मध्ये मुलांविना रिते झालेले घर दाखवले. आम्ही वर्गात ही नाटके शिकवतो तेव्हा चर्चा ‘मुले आणि वृद्ध आईबाप’ या एकाच वळणावर जाऊन थांबते. परिणामी मराठी मध्यमवर्गाने निवृत्तीची तयारी म्हणजे मुलांपासून सावध राहणे, एवढाच धडा उचलला. पण बेलवलकरांजवळ देऊन टाकायला घर होते. नाना-नानींचे घर रिते झाले तरी घरच होते. ज्यांचे घरच नोकरीबरोबर जाते त्यांचे काय, या प्रश्नाला ही थोर नाटके जाऊन भिडत नाहीत. तो त्यांचा दोष नव्हे. पण कल्याण असो वा खडकी, रेल्वेच्या, बंदुकीच्या दारूच्या, विजेच्या वसाहतींत आयुष्य काढलेल्या बायकांची निवृत्ती आपल्या समीक्षेच्या नजरेतूनही निसटली, हे मान्य करायला हवे.

हा प्रश्न केवळ भावनेचा नाही. निवृत्तिवेतनाच्या जुन्या पद्धतीत कर्मचाऱ्याला शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मी रक्कम मिळते, तर त्याच्या पश्चात कुटुंब निवृत्तिवेतन सर्वसाधारण दराने ३० टक्के. चाळीस टक्क्यांपर्यंत अंशराशीकरण केले, तर कापला गेलेला भाग परत मिळायला १५ वर्षे जातात. म्हणजे साठीला घेतलेल्या निर्णयाची झळ पंचाहत्तरीपर्यंत घराच्या खर्चाला लागते, आणि हा खर्च चालवते ती. १ जानेवारी २००४ नंतर केंद्रीय सेवेत आलेल्यांसाठी अंशदायी योजना आली. १ एप्रिल २०२५ पासून एकीकृत योजनेचा पर्याय मिळाला, ज्यात पंचवीस वर्षांच्या सेवेनंतर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्म्याची हमी आहे आणि मागे राहिलेल्या जोडीदाराला त्याच्या ६० टक्के. कोणता पर्याय निवडायचा, हा दोघांनी बसून ठरवण्याचा विषय आहे. सही एकाची असली तरी परिणाम दोघांना भोगावे लागतात.

जवाहरनगरसारख्या ठिकाणी तर पायाखालची जमीनच हलली आहे. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ बरखास्त होऊन सात सार्वजनिक कंपन्या झाल्या. भंडाऱ्याची निर्माणी म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेली आणि कर्मचारी मानीव प्रतिनियुक्तीवर गेले. पुढे २४ जानेवारी २०२५ रोजी याच निर्माणीतल्या स्फोटात किमान आठ कामगार दगावले. निवृत्तीची तारीख प्रत्येकाच्या वाट्याला येतेच असे नाही, हे ज्या घरांनी पाहिले आहे तिथे नामनिर्देशन, संयुक्त खाते, कागदपत्रांची फाइल कुठे ठेवली आहे याची माहिती, हे विषय ‘अशुभ’ म्हणून टाळणे परवडणारे नाही.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच आहे: निवृत्तीच्या तयारीला शेवटचे वर्ष उजाडण्याची वाट पाहू नये आणि ती एकट्याने करू नये. पन्नाशीच्या आत दोघांनी तीन प्रश्नांची उत्तरे शोधावीत. राहायचे कुठे, आणि त्या जागेवर नाव कोणाकोणाचे? आपल्यापैकी एकच उरले, तर हातात महिन्याला किती येईल? आणि दिवसभर घरात आलेल्या माणसाने घरातले कोणते काम आपले म्हणून उचलायचे? तिसरा प्रश्न कोणत्याही शासकीय पुस्तिकेत नसतो. पण ज्या स्वयंपाकघराला साठाव्या वर्षी सुट्टी मिळत नाही, त्याला ‘सेवा’ म्हणायचे की नाही, हे त्याच उत्तरावरून ठरते. आणि ‘निवृत्ती’ या जुन्या शब्दाचा अर्थ आपल्याला कितपत कळला आहे, तेही.