प्रोस्टेट कॅन्सर: रेडिएशनसाठी ३९ फेऱ्या की ५? ठाकुरवाडीतल्या रुग्णासाठी हा आकडा का महत्त्वाचा आहे

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत ठाकुरवाडी नावाचं एकच गाव नाही. डोंगराच्या कुशीत जिथे ठाकर समाजाची वस्ती, तिथे एक ठाकुरवाडी. काही वाड्यांपर्यंत आजही गाडीरस्ता नाही. जुलै २०२३ मध्ये खालापूरच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा बचावपथकांना डोंगर पायी चढावा लागला होता, हे सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं.

अशा वाडीतल्या साठी-सत्तरीच्या माणसाला प्रोस्टेट कॅन्सर झाला आणि डॉक्टरांनी रेडिएशन सांगितलं, तर त्याचा पहिला प्रश्न असतो, ‘किती वेळा यावं लागेल?’ गेल्या काही वर्षांत जगभर झालेल्या चाचण्या नेमकं याच प्रश्नाचं उत्तर शोधत आहेत. त्यातली एक महत्त्वाची चाचणी मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरची आहे.

हा आजार नेमका काय आहे?

प्रोस्टेट ही पुरुषांच्या मूत्राशयाखाली असलेली, मोठ्या आवळ्याएवढी ग्रंथी. कॅन्सर या ग्रंथीपुरताच असेल, तर त्याला स्थानिक टप्प्यातला कॅन्सर म्हणतात. तो बरा होऊ शकतो. शस्त्रक्रिया आणि रेडिएशन हे त्यावरचे दोन मुख्य उपचार. धोका कमी असेल तर लगेच उपचार न करता नियमित तपासण्या करत लक्ष ठेवणं, हाही मान्य पर्याय आहे.

अडचण अशी की सुरुवातीला अनेकदा काहीच त्रास होत नाही. पुढे रात्री वारंवार लघवीला उठावं लागलं किंवा धार बारीक झाली, तरी ‘वय झालं’ म्हणून सोडून दिलं जातं. या तक्रारी प्रत्येक वेळी कॅन्सरच्या नसतात. पण तपासल्याशिवाय ते कळत नाही.

३९ वरून ५ वर कसं आलं?

जुन्या पद्धतीत रोज २ ग्रे (किरणांचा डोस मोजायचं एकक) असे ३९ दिवस, म्हणजे एकूण ७८ ग्रे दिले जात. आठवड्यातून पाच दिवस धरले तर जवळपास आठ आठवडे. डोस असा थोडा थोडा देण्याचं कारण शेजारचे अवयव. प्रोस्टेटच्या पुढे-वर मूत्राशय आणि अगदी मागे गुदाशय. मूत्राशय किती भरलंय, पोटात गॅस किती आहे, यावर ग्रंथीची जागा काही मिलिमीटर सरकते. नेम चुकला तर निरोगी भाग भाजतो.

आता प्रत्येक वेळी किरण सोडण्याआधी मशीनवरच स्कॅन घेऊन ग्रंथी कुठे आहे ते पाहता येतं. काही ठिकाणी ग्रंथीत सोन्याचे बारीक कण बसवून खूण केली जाते. नेम पक्का झाल्यामुळे एका वेळी मोठा डोस देणं शक्य झालं. शिवाय प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशींवर थोड्या थोड्या डोसांपेक्षा मोजक्या मोठ्या डोसांचा परिणाम जास्त होतो.

ब्रिटनमधल्या ‘पेस-बी’ चाचणीत कमी ते मध्यम धोक्याचे ८७४ रुग्ण होते. एका गटाला ५ वेळा मिळून ३६.२५ ग्रे, तर दुसऱ्याला २० किंवा ३९ वेळा नेहमीचं रेडिएशन देण्यात आलं. २०२४ मध्ये पाच वर्षांचे निकाल प्रसिद्ध झाले. कॅन्सर न उलटलेल्यांचं प्रमाण पाच फेऱ्यांच्या गटात ९५.८ टक्के, तर नेहमीच्या गटात ९४.६ टक्के होतं. म्हणजे पाच फेऱ्यांचा उपचार कमी पडला नाही.

पण दुसरी बाजूही आहे. औषध घ्यावं लागेल इतपत लघवीचा त्रास पाच फेऱ्यांच्या गटात पाच वर्षांत सुमारे २७ टक्के रुग्णांना झाला. दुसऱ्या गटात हे प्रमाण १८ टक्के होतं.

मग आपल्याकडेही पाचच फेऱ्या का नाहीत?

कारण पेस-बीमधले रुग्ण लवकर सापडलेले होते. आपल्याकडे अनेकांचं निदान उशिरा होतं. तोवर धोका वाढलेला असतो आणि ओटीपोटातल्या लसिका ग्रंथींपर्यंत, म्हणजे गाठींपर्यंत, कॅन्सर पोहोचण्याची भीती असते.

अशा जास्त धोक्याच्या २२४ रुग्णांवर टाटा मेमोरियलमध्ये डॉ. वेदांग मूर्ती यांच्या नेतृत्वाखाली ‘पॉप-आरटी’ चाचणी झाली. फक्त प्रोस्टेटवर किरण द्यायचे की आसपासच्या गाठींवरही, हा तिचा प्रश्न होता. दोन्ही गटांना २५ फेऱ्या होत्या. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालानुसार, पाच वर्षांनी पीएसए पुन्हा न वाढलेल्यांचं प्रमाण गाठींवरही किरण दिलेल्या गटात ९५ टक्के, तर फक्त प्रोस्टेटवर दिलेल्यांत ८१.२ टक्के होतं. एकूण जगण्याच्या प्रमाणात मात्र तोवर फरक दिसला नाही आणि गाठींवरही किरण दिलेल्यांना लघवीच्या तक्रारी जास्त झाल्या.

टाटा मेमोरियलच्याच ‘प्राइम’ चाचणीचा प्रश्न पुढचा आहे: जास्त धोक्याच्या किंवा गाठींपर्यंत पसरलेल्या कॅन्सरमध्येही २५ ऐवजी ५ फेऱ्या पुरतील का? तिच्या आराखड्यात कॅन्सर, दुष्परिणाम आणि जीवनमानाबरोबर रुग्णाच्या खिशातून होणारा खर्चही मोजायचं ठरवलं आहे.

खिशातला खर्च का मोजायचा?

टाटा मेमोरियलचं खारघर केंद्र रायगड जिल्ह्यातच आहे. तरीही वाडीतून पायी किंवा रिक्षाने स्टेशन गाठायचं, पनवेलला उतरायचं, तिथून खारघरला जायचं, काही मिनिटांच्या रेडिएशनसाठी थांबायचं आणि संध्याकाळपर्यंत परतायचं, यात पूर्ण दिवस जातो. सोबत एक माणूस लागतो, म्हणजे दोघांची मजुरी बुडते. उपचार भातलावणीच्या दिवसांत आला तर शेतीचं वर्ष अडचणीत येतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून उपचाराचा खर्च निघू शकतो, पण बुडालेल्या मजुरीचं काय?

म्हणून अशा घरासाठी फेऱ्या कमी होणं म्हणजे नुसती सोय नाही. उपचार मधेच सुटण्याची भीतीही त्यामुळे कमी होते. मशीन लवकर मोकळं झालं तर रांगेतल्या पुढच्या रुग्णाचाही नंबर लवकर लागतो.

डॉक्टरांना काय विचाराल?

• कॅन्सर प्रोस्टेटपुरताच आहे का? धोका कमी, मध्यम की जास्त?
• लगेच उपचार करायलाच हवेत, की लक्ष ठेवून चालेल?
• रेडिएशनच्या किती फेऱ्या? माझ्या बाबतीत कमी फेऱ्या चालतील का? नसतील तर का?
• लघवी, शौच आणि लैंगिक आयुष्यावर काय परिणाम होऊ शकतो?
• उपचार योजनेत बसतात का? उपचाराच्या काळात राहण्याची सोय कुठे होईल?

पाच फेऱ्या प्रत्येकासाठी नाहीत आणि ‘कमी दिवसांत बरं करतो’ एवढ्यावर रुग्णालय निवडू नये. पण फेऱ्यांचा प्रश्न विचारायला संकोच करायचं कारण नाही. तो आता चाचण्यांमध्येही विचारला जातो आहे.