मृगाआधी बोअरची तहान भागवा

मृग तोंडावर आला आहे. वेळ आहे, पण थोडाच.

जायकवाडीचं पाणी 50 किलोमीटरवरून, चढावर उपसून आपल्या शहरात येतं. वीज गेली, जलवाहिनी फुटली, की घराघरांत हंडे कोरडे. लेकरांची अंघोळ राहते, घरातली बाई नळाकडे कान लावून रात्र काढते. मग आपण बोअर चालू करतो. बोअरने नुसती हवा ओकली, की म्हणतो, अजून 200 फूट खाली जाऊ.

तसं करू नका. आपल्या पायाखाली काळा खडक आहे. पाणी राहतं ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. खोल जावं तशा भेगा कमी होतात आणि बहुतेक वेळा वर येते ती कोरडी भुकटी. कर्ज तुमच्या डोक्यावर बसतं आणि शेजारच्या आजींचा आडही आटतो.

मलिक अंबरने ही जमीन ओळखली होती. 400 वर्षांपूर्वी त्याने डोंगरउतारावरचं झिरपणारं पाणी जमिनीखालच्या नहरीत घेतलं आणि निव्वळ उताराच्या बळावर गावात खेळवलं. पुढे थत्ते नहर झाली, पाणचक्कीची नहर झाली. या नहरींवर घरं उठली, त्यांत सांडपाणी मिसळलं. फार वाईट वाटतं. आता तरी नहरीवर खोदकाम दिसलं, तर गप्प बसू नका. महापालिकेला कळवा. गल्लीतला आड बुजवू देऊ नका, त्यात निर्माल्य टाकू नका.

आणि तुमची गच्ची! 1000 चौरस फूट गच्चीवर आपल्याकडच्या सरासरी पावसात, वाया जाणारं सोडूनही, 50 हजार लिटर पाणी उतरतं. म्हणजे 5 हजार लिटरचे 10 टँकर. आज ते गटारात जातं.

ते अडवा. गच्ची झाडून घ्या. पहिल्या सरींचं पाणी सोडून द्या, त्यात धूळ असते, कबुतरांची घाण असते. नंतरचं पाणी पाइपने बोअरजवळच्या शोषखड्ड्यात न्या. खड्ड्यात तळाला मोठी खडी, तिच्यावर बारीक खडी, सर्वांत वर धुतलेली वाळू. वाळू दरवर्षी धुवा. संडासाचा शोषखड्डा जवळ असेल तर जागा बदला.

अपार्टमेंटमध्ये राहता? या रविवारीच बैठक बोलवा. खर्च वाटून घ्या. ज्याला झेपत नाही, त्याचा वाटा बाकीच्यांनी उचलावा. प्लंबरला आजच सांगा. पाऊस सुरू झाला की तो कुणालाच सापडत नाही.