नावाची राखण



ऊस उभा असला की आपण रानडुकरांपासून त्याची राखण करतो. काट्यावर गाडी चढली की वजन चोख होते की नाही हे डोळ्यांत तेल घालून पाहतो. आपल्या नावाची मात्र तेवढी राखण आपण करीत नाही. हल्लीचा चोर घर फोडायला येत नाही. तो आपले नाव, सही, अंगठा आणि आधार क्रमांक उचलतो व त्यांच्या जोरावर पैसा नेतो. म्हणून या अंकात हा विषय आम्ही मुद्दाम घेतला आहे.

पनवेलचे उदाहरण सर्वांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. कर्नाळा नागरी सहकारी बँक ही तिथली बँक आपल्या कारखान्यासारखीच सभासदांच्या विश्वासावर उभी होती. साठहून अधिक बनावट कर्जखात्यांतून पाचशे कोटी रुपयांहून अधिक रक्कम बाहेर काढली गेली, असा आरोप झाला. जून २०२१ मध्ये बँकेचे माजी अध्यक्ष व माजी आमदार विवेक पाटील यांना सक्तवसुली संचालनालयाने अटक केली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेने बँकेचा परवाना रद्द केला. दोष कोणाचा हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे. आपण घ्यायचा तो धडा वेगळा. ठेवींवरील विम्याची मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्येच १ लाखावरून ५ लाख झाली होती, म्हणून ९५ टक्के ठेवीदारांना पूर्ण रक्कम मिळेल असे रिझर्व्ह बँकेने त्या वेळी सांगितले. पण ज्यांनी आयुष्याची सगळी पुंजी एकाच पासबुकात ठेवली होती, त्यांची ५ लाखांवरची रक्कम अडकली. अशांना म्हातारपणी कागदपत्रांची पिशवी घेऊन हेलपाटे घालावे लागतात.

हे बँकेतच घडते असेही नाही. परभणी जिल्ह्यातील गंगाखेड येथे एका खाजगी साखर कारखान्यासंबंधात, शेतकऱ्यांच्या नावावर त्यांना पत्ता न लागू देता बँकांकडून कर्जे उचलल्याची तक्रार झाली व २०१७ साली गुन्हा नोंदला गेला. शेतकऱ्याला कळले ते बँकेची नोटीस दारात आल्यावर! पैसा दुसऱ्याने खाल्ला आणि थकबाकीदार म्हणून नाव आपले लागले, असा हा प्रकार.

आता तीच चोरी फोनवरून चालते. "मी पोलीस खात्यातून बोलतोय, तुमच्या आधारवर गुन्हा आहे, तुम्हाला डिजिटल अटक केली आहे, फोन ठेवायचा नाही," असा दम भरला जातो. डिजिटल अटक नावाची गोष्ट आपल्या कायद्यात नाही. खुद्द पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये आकाशवाणीवरून हे सांगितले आहे. कोणी म्हणतो अनुदान जमा करायचे आहे, पिन टाका. पिन लागतो तो पैसे देण्यासाठी, घेण्यासाठी कधीच लागत नाही. जमिनीच्या दस्तांवरून अंगठ्याचे ठसे उचलून, आधारच्या आधारे खात्यातून रक्कम काढल्याचेही प्रकार काही राज्यांत उघडकीस आले आहेत.

या सगळ्यात प्रथम सापडतात ती वडीलधारी माणसे. ती अडाणी असतात म्हणून नव्हे. 'साहेब' म्हणून कोणी बोलला की त्याचा शब्द मोडायचा नाही, अशी त्यांची उभी हयात गेलेली असते. शिवाय दुपारी घरात ती एकटी असतात. अशा वेळी त्यांच्या हातचा फोन काढून घेणे किंवा "तुम्हाला काय कळतंय?" असे खेकसणे, हा उपाय नव्हे. आमच्या मते तसे केल्याने नुकसानच होते. ज्याला घरच्यांच्या बोलण्याची धास्ती असते, तो फसल्यावर चार दिवस कोणाला सांगत नाही, आणि तेवढ्यात खाते मोकळे होते. त्यांना एवढेच सांगून ठेवा: पैशाची गोष्ट फोनवर निघाली की "घरी विचारून सांगतो" म्हणायचे आणि फोन खुशाल ठेवून द्यायचा. त्यात कसला आलाय उद्धटपणा!

आणि स्पष्टच बोलायचे तर चोर दर वेळी बाहेरचाच असतो असे नाही. आईचे एटीएम कार्ड व पिन खिशात घेऊन फिरणारी मुले-नातवंडे गावोगाव आहेत. आईचा पैसा आईला विचारूनच काढावा आणि दर महिन्याला पासबुक भरून तिला वाचून दाखवावे.

आता थोडे हाताशी ठेवण्यासारखे. फसगत झाली तर लाज न बाळगता तत्काळ १९३० या क्रमांकावर व बँकेत कळवावे. पहिला तास सोन्याचा असतो. रक्कम पुढे सरकण्याआधी गोठविता येते. बँकेला कळविल्यानंतर होणाऱ्या गैरव्यवहाराची जबाबदारी बँकेवर राहते, असा नियम रिझर्व्ह बँकेने २०१७ साली केला आहे. तेव्हा तक्रारीची पोच घ्यावी. आधारच्या अंगठ्याला कुलूप लावण्याची सोय आधारच्या ॲपवर आहे. ते लावून ठेवावे, लागेल तेव्हा उघडावे. वर्षातून एकदा सिबिलचा अहवाल फुकट मिळतो. आपल्या नावावर परस्पर कर्ज पडले आहे काय, हे त्यात दिसते. ठेवी एकाच बँकेत ५ लाखांवर साठवू नयेत. वारस नोंद करून ठेवावी.

कागदाची झेरॉक्स देताना तीवर आडवी रेघ मारून कशासाठी व कोणाला दिली ते आणि तारीख लिहावी. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नये, मग मागणारा ओळखीचा असो की घरचा.

हीच गोष्ट आम्ही आपल्या कारखान्यालाही सांगू इच्छितो. ऊस नोंद, पीककर्ज, तोडणी-वाहतूक करार या निमित्ताने सभासदांचे सातबारा, आधार, पासबुक शेतकी विभागात गोळा होतात. गटातल्या कर्मचाऱ्याने घाई आहे म्हणून कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊ नयेत. सभासदाच्या नावावर कारखान्यामार्फत कर्ज किंवा हमी असेल तर तिचा आकडा त्याला दर हंगामाला लेखी कळवावा. सभासदांनीही हा प्रश्न वार्षिक सभेत उभे राहून विचारावा. त्यात अविश्वास नाही. हिशेब विचारणारा सभासद असला तरच सहकार टिकतो. पनवेलच्या ठेवीदारांनी त्याची किंमत मोजली आहे. ती आपल्यावर मोजायची वेळ येऊ नये.

या हंगामाच्या बिलाची रक्कम खात्यावर जमा होईल तेव्हा घरातल्या थोरामोठ्यांना जवळ बसवून हे एवढे वाचून दाखवावे, ही विनंती.