दारापुढची सोबत

मुलीच्या बाळंतपणासाठी एकटीने परदेशी निघालेली बाई पालघरकडच्या माकुणसार-केळवे-माहीमच्या पट्ट्यात आता नवलाची राहिलेली नाही. वाडीचे पाणी, घरची म्हातारी माणसे, कधी नुसता दोन तिकिटांचा खर्च, असे काहीतरी नवऱ्याला मागे ठेवते. आजवर सफाळ्याहून दादरला जातानाही जिने शेजारीण बरोबर घेतली, तिला दुबई किंवा दोहाला विमान बदलून अमेरिकेत उतरायचे असते. अशा बायकोसाठी विमानतळावर सोबतीला माणूस देणारी सेवा नवऱ्याने तिच्या नकळत विकत घ्यायची आणि ऐनवेळी तिला चकित करायचे, ही नव्या पद्धतीची भेट आहे. मुंबईत ‘प्रणाम’ नावाने ही सेवा मिळते. दाराशी नाव लिहिलेली पाटी घेऊन माणूस उभा असतो. तो सामान उचलायला हमाल आणतो, चेक-इनच्या खिडकीपासून विमानाच्या गेटपर्यंत बरोबर चालतो, जादा पैसे भरले तर बग्गी आणि लाउंजही देतो.

याला कोणी उधळपट्टी म्हणेल. आम्ही म्हणणार नाही. या भेटीतले पैसे योग्य जागी खर्च झालेले आहेत. आमचा आक्षेप आहे तो ‘तिच्या नकळत’ या भागाला.

पैसे योग्य का, ते आधी पाहू. माकुणसारहून निघालेली गाडी तांदुळवाडीचा घाट चढून वरई फाट्याला महामार्गाला लागते, वसई खाडीच्या पुलाआधीच्या कोंडीत अडकते, आणि सहारच्या विमानतळावर पोहोचेपर्यंत नवरा सारखा घड्याळ बघत असतो. एवढे करून त्याला दारातच थांबावे लागते. डिसेंबर 1999 मध्ये काठमांडूहून दिल्लीला निघालेले आयसी-814 विमान पळवले गेले, आणि 2000 पासून देशातल्या विमानतळांची सुरक्षा टप्प्याटप्प्याने केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे गेली. दारावरचा जवान तिकीट आणि ओळखपत्र जुळवून पाहतो. ज्याच्याकडे तिकीट नाही तो बाहेर. ही तपासणी आवश्यकच आहे, तिच्याविषयी तक्रार नाही. पण जिथून खरी धांदल सुरू होते, नेमके तिथेच घरच्या माणसाचा हात सुटतो.

धांदल म्हणजे काय, तेही सांगितले पाहिजे. बाळंतिणीच्या लाडवांसाठी तिने बॅगेत सुक्या खोबऱ्याच्या वाट्या भरलेल्या असतात. नारळाच्या गावातून लेकीकडे जाताना दुसरे काय न्यायचे? पण सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर असते, ते आपोआप तापून पेट घेऊ शकते, म्हणून विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात त्याला बंदी आहे. बॅग बाजूला काढली जाते, कोणीतरी हिंदी-इंग्रजीत भराभर काही विचारते, मागची रांग चुळबुळते. त्यानंतर इमिग्रेशनचा अधिकारी, मग सुरक्षा तपासणी, मग दूरचे गेट, आणि बोर्डिंग पासवर छापलेले गेट बदलल्याची सूचना. यातले एकही काम अवघड नाही. सगळी एकदम आणि पहिल्यांदाच अंगावर आली की हातपाय गळतात.

या भीतीवर आपल्याकडच्या कुटुंबांनी एक उपाय शोधला आहे: व्हीलचेअर. तिकीट काढतानाच मुलगा आईसाठी ती नोंदवतो. आईचे गुडघे ठणठणीत असतात, रोज वाडीत ती चार वेळा जाऊन येते. पण खुर्ची ढकलणारा माणूस तिला बरोबर जागी पोहोचवतो, एवढ्यासाठी ती खुर्चीत बसते. मुलाला दोष देववत नाही. मात्र याची किंमत दुसरे कोणीतरी भरते.

12 फेब्रुवारी 2024 रोजी न्यूयॉर्कहून एअर इंडियाच्या विमानाने एक वृद्ध जोडपे मुंबईत उतरले. दोघांच्याही नावावर व्हीलचेअर नोंदवलेली होती. मिळाली एक. ती बायकोला दिली गेली. दुसरी येईपर्यंत थांबा असे आपण सांगितले होते, असे विमान कंपनीने नंतर म्हटले. पण ऐंशीच्या घरातल्या त्या माणसाने बायकोच्या खुर्चीबरोबर चालत जाणे पसंत केले. इमिग्रेशनपाशी तो कोसळला आणि त्यात त्याचा अंत झाला. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने कंपनीला 30 लाख रुपये दंड केला. चालता न येणाऱ्याला ही मदत विनामूल्य मिळाली पाहिजे, असा नियम आहे आणि तो पाळण्याची जबाबदारी कंपनीचीच आहे, यात शंका नाही. तरीही ज्यांना खुर्ची नको, फक्त बरोबर कोणी हवे, अशा प्रवाशांची सोय वेगळी झाली, तर ज्याचे पाय खरोखर थकले आहेत त्याला खुर्चीसाठी ताटकळावे लागणार नाही. ज्या नवऱ्याने पदरचे पैसे मोजून बायकोला चालत जाण्याची सोबत दिली, त्याने नकळत एका अनोळखी म्हाताऱ्याचीही सोय केली.

आता नकळतपणाविषयी. निघण्याआधी महिनाभर या बाईला घरातल्या प्रत्येकाने एकच बजावलेले असते: पासपोर्ट कोणाच्या हातात देऊ नकोस, अनोळखी माणसाला बॅगेला हात लावू देऊ नकोस. आणि दारात गाडी थांबताच एक गणवेशातला अनोळखी माणूस तिचे नाव घेतो, बॅगेला हात घालतो, पासपोर्ट मागतो. नवरा शेजारी उभा राहून हसत असतो. तिच्या पोटात काय होत असेल? आनंद तिला झालाच तर पाच मिनिटांनी होईल. शिवाय आदल्या चार रात्री ती ज्या काळजीने जागी होती, ती काळजी एका वाक्याने मिटली असती. ते वाक्य भेट खुलून दिसावी म्हणून दाबून ठेवणे आम्हाला निर्दय वाटते. नवऱ्याच्या मनात निर्दयपणा नसतो, हे खरे. पण जागरण तिचेच होते.

सांगून केले की आणखी फायदे आहेत. ती स्वतः म्हणू शकते की मराठी बोलणारे माणूस द्या, शक्यतो बाई द्या. लाउंज नको, ते पैसे दुबईत लावा, असेही ती म्हणेल, आणि तिचे बरोबर असेल. मुंबईची सोबत मुंबईच्या गेटपाशी संपते. खरी परीक्षा विमान बदलताना असते. दुबईत ‘मरहबा’, दोहात ‘अल महा’ अशा सेवा आहेत, त्या वेगळ्या नोंदवाव्या लागतात. आणि पैसे मोजण्याआधी फुकट मिळणारे तरी घ्यावे. इमिग्रेशनच्या रांगेऐवजी स्वयंचलित फाटकातून जाण्याची केंद्र सरकारची योजना 16 जानेवारी 2025 पासून मुंबईत सुरू आहे. भारतीय पासपोर्टधारकाला तिचे शुल्क नाही. अर्ज ऑनलाइन करून बोटांचे ठसे द्यायचे असतात. ठसे द्यायला दोघे मिळून एकदा विमानतळावर गेले, तर इमारत तरी बाहेरून ओळखीची होते.

राहिला विमानतळ चालवणाऱ्यांचा प्रश्न. ज्याची ऐपत आहे तो ही सोबत विकत घेईल. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणाऱ्या कामगाराची बायकोही उद्या लेकीकडे जाईल, मनोरकडच्या आदिवासी पाड्यावरचा मुलगा शिष्यवृत्तीवर परदेशी निघेल. त्यांनी काय करायचे? पहिल्यांदा विमानात बसणाऱ्याला दारापासून सुरक्षा तपासणीपर्यंत नेऊन सोडणारे, मराठी बोलणारे माणूस, बग्गी नाही, लाउंज नाही, नुसते बरोबर चालणारे, एवढे देणे विमानतळाला जड नाही. तिकीट काढतानाच ‘व्हीलचेअर नको, सोबत हवी’ असा रकाना असावा आणि त्याला शुल्क नसावे. मुंबई आणि 25 डिसेंबर 2025 पासून विमाने उडू लागलेले नवी मुंबई, ही दोन्ही विमानतळे आज अदानी समूह चालवतो, म्हणजे विचारायचे एकाच ठिकाणी आहे. वाढवण बंदराच्या निमित्ताने आमच्या किनाऱ्याजवळ तिसऱ्या विमानतळाची भाषा सुरू आहे. पालघरच्या लोकप्रतिनिधींनी ही मागणी तोवर थांबवून ठेवू नये. सहारच्या दारात आजही माकुणसारची कोणीतरी एकटी उभी असेल.