युद्धाचं चित्र बघताना घाई नको

सावर्ड्यात सह्याद्री स्कूल ऑफ आर्ट असल्याने चित्रकला आपल्याला परकी नाही. पोरं एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसतात, प्रदर्शन लागलं की आईबापही जातात आणि "मस्त काढलंय हां" म्हणत पुढे सरकतात. निसर्गचित्रापुढे तेवढं चालून जातं. युद्धावरच्या शाईच्या चित्रापुढे मात्र जरा थांबा, एवढंच सांगायचं आहे.

चित्रकार चित्तप्रसाद यांनी १९४३च्या बंगालच्या दुष्काळावर काढलेली चित्रं घ्या. मोबाइलवरसुद्धा सापडतील. आधी चेहरा बघू नका, हातपाय बघा. हाड वर आलंय तिथे रेघ जाड, टणक. मांस असायला हवं तिथे नुसता कोरा कागद. पेन्सिल खोडता येते, शाईला खोडरबर चालत नाही. त्यामुळे रेघ कुठे दाबली नि कुठे सोडून दिली, यात काढणाऱ्याचं म्हणणं असतं. मग विचारा, यात बंदूक कुठाय? सैनिक कुठाय? कुठेच नाही. तरी हे युद्धाचंच चित्र आहे.

दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली जपानने ब्रह्मदेश घेतला आणि तिकडचा तांदूळ बंद झाला. शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून इंग्रज सरकारने बंगालच्या किनारपट्टीतल्या होड्या काढून घेतल्या, मोडल्या. दाभोळच्या खाडीवरच्या माणसाला विचारा, होडी गेली की घरात काय उरतं. त्यात चक्रीवादळ आलं, साठेबाजी झाली, धान्य लष्कराकडे आणि शहरांकडे वळलं. सुमारे ३० लाख माणसं मेली, आणि त्या जिल्ह्यांत लढाई अशी झालीच नव्हती.

चित्तप्रसाद मिदनापूर जिल्ह्यात हिंडले, जे दिसलं ते टाक-कुंचल्याने उतरवलं. त्यांचं 'हंग्री बेंगॉल' हे पुस्तक सरकारने जप्त करून जाळलं. कागदावरच्या काळ्या रेघांना सरकार घाबरलं, यातच त्या चित्रांची किंमत कळते. पुढे ते मुंबईत अंधेरीला राहिले. आपल्या अण्णा भाऊ साठ्यांनीही याच दुष्काळावर 'बंगालची हाक' हा पोवाडा रचला, म्हणजे ही गोष्ट मराठीला तेव्हाच पोचली होती.

या चित्रांतली मला सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. चित्तप्रसाद पुष्कळदा चित्रातल्या माणसाचं नाव-गाव टिपून ठेवत. ३० लाख हा आकडा वाचून आपण पान उलटतो. नाव वाचलं की पान उलटवत नाही.

म्हणून शिक्षकांना विनंती. 'युद्ध' विषय दिला की वर्ग रणगाडे आणि झेंडे काढतो. काढू द्या, त्यात वाईट काही नाही. पण एकदा सांगा, पलटणीत गेलेल्या माणसाच्या घरी मागे कोण राहिलं, ते काढ. रत्नागिरी जिल्ह्यात अशी घरं शोधायला लांब जावं लागत नाही. आणि घरच्यांनो, आजोबा-पणजोबांचं पदक, पेन्शनचा कागद, जुनं पत्र ट्रंकेत पडलं असेल तर ते पोराच्या हाती द्या. कोणाचं, कुठल्या पलटणीतलं, परत आला की नाही, हे माहीत असलेलं माणूस घरात आहे तोवर विचारून लिहून ठेवा.