हप्ता बायकांचा, मत भांडवलाचे



पगार आपल्या नावावर, पण मायक्रोफायनान्सच्या हप्त्याची वही बाईच्या पिशवीत, असे आपल्या वसाहतींतही दिसते. कंत्राटी सफाई कामगाराच्या घरी तर हप्ता आधी, किराणा नंतर. म्हणून या कंपन्या कोण चालवतो, हा प्रश्न आपलाही आहे.

हैदराबादच्या एसकेएस मायक्रोफायनान्सचेच पाहा. विक्रम अकुला यांनी १९९७ साली सेवाभावी संस्था काढली. पुढे तिची कंपनी झाली, बाहेरचे भांडवल आले. ऑगस्ट २०१० मध्ये ती शेअर बाजारात उतरली आणि ९८५ रुपयांना एक शेअर विकला गेला. पाच-पाच जणी एकमेकींची हमी देऊन जे हप्ते भरत, त्यावर हा भाव उभा होता. बड्या अधिकाऱ्यांना पगाराशिवाय शेअरचे हक्कही होते. मग कर्जवाटप आवरते घेण्यात कुणाचा फायदा?

दोन महिन्यांच्या आत संचालक मंडळाने मुख्य कार्यकारी अधिकारी सुरेश गुरुमणी यांना काढले. भांडण वरच्या मजल्यावरचे. त्याच ऑक्टोबरात कर्जदारांच्या आत्महत्या व वसुलीच्या जाचाच्या तक्रारींवरून आंध्र सरकारने वटहुकूम काढला. वसुली कोसळली, शेअर कोसळला. नोव्हेंबर २०११ मध्ये अकुलाही गेले.

रिझर्व्ह बँकेने २०११ साली व्याजाला २६ टक्क्यांची मर्यादा घातली होती. २०२२ च्या नियमांनी कुटुंबाचे सर्व हप्ते मिळून उत्पन्नाच्या निम्म्याच्या आत असावेत असे ठरवले, हे चांगले झाले. पण व्याजाचे धोरण पुन्हा संचालक मंडळाच्या हाती दिले. त्या मंडळावर स्वतंत्र संचालक असतात खरे; हप्ता भरणाऱ्या बाईने निवडून दिलेले कुणी नसते.

आपल्या पतपेढीत कर्ज घेणाराच सभासद आणि तोच मतदार. व्याज वाढले तर वार्षिक सभेत संचालकाला जाब विचारता येतो. (नाश्त्याची कुपने वाटून झाली की निम्मी सभा उठून जाते, हा आपला दोष.)

कर्जदारांचे निवडून आलेले प्रतिनिधी या मंडळांवर घ्यावेत आणि मुख्याधिकाऱ्याचा बोनस वाटलेल्या कर्जाच्या आकड्यावर ठरू नये, असा ठराव महासंघाने करावा. दारोदार वसुलीला फिरणारी पोरेही आपल्यासारख्याच घरांतली आहेत. टार्गेट चुकले की त्यांच्या नोकरीवर गदा येते. त्यांची युनियन बांधण्याचे काम पुढच्या अधिवेशनाच्या विषयपत्रिकेवर घ्यावे.